ब्रेक दाबला की मी मागे

रविवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. ठिकाण: आमच्या घरातला, जेवणाच्या टेबलापासून बाहेरच्या दारापर्यंतचा भाग. एक फिरती खुर्ची, तिच्यावर बसलेल्या इसमासह, उलट्या दिशेने भरधाव निघाली आणि दारात उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांवर जाऊन आदळली. खुर्चीतल्या इसमाच्या हातात स्टिअरिंग होतं. जीवितहानी नाही.

इसम मीच. (बातमीत बातमीदारानं स्वतः दिसायचं नाही, ही आमच्या धंद्यातली शिस्त. पण मी दिसलो. सगळ्या मजल्याला दिसलो.)

आता हे सुरू कसं झालं ते सांगतो. गेली कित्येक वर्षं मी गुन्हे, अपघात आणि पालिका या तीन गोष्टींवर लिहितो. तिन्हींत फरक कमी, पण वहिवाट आहे. आमच्या पुरवणीत 'घ्यावं की न घ्यावं?' नावाचं एक सदर येतं. त्यात दर आठवड्याला कुणीतरी मिक्सर, इस्त्री, हेडफोन असलं काहीतरी वापरून बघतं आणि मत देतं. ते लिहिणारी मुलगी दुसरीकडे गेली. सोमवारी संपादकांनी मला बोलावलं. संपादक वयानं माझ्या निम्मे, पण नम्र. माणूस नम्र असला की मला धोका आधीच कळतो.

"दादा, या वेळचं सदर तुम्ही लिहा. गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम आहे."

"मी अपघात बघतो."

"त्यात पुष्कळ आहेत."

मी आवाज चढवला. पालिकेचा अर्धा पैसा कुठं गेला याचा छडा लावणाऱ्या माणसाला खेळणं देता? वगैरे. संपादक शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी खोका माझ्यापुढं सरकवला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'हुबेहूब!'

"हुबेहूब कुणाच्या मते?" मी म्हणालो. "कंपनीच्याच ना? म्हणजे आरोपीनं स्वतःच दिलेलं चारित्र्याचं प्रमाणपत्र!"

"मग तपासा," संपादक म्हणाले. "आणि दादा, तुम्हाला गाडी चालवता येते ना?"

"माझ्या घरात ड्रायव्हिंग स्कूल आहे," मी ताठ मानेनं सांगितलं.

(वाक्य शंभर टक्के खरं आहे. त्यातून त्यांनी काय अर्थ काढला, ही त्यांची जबाबदारी.)

ड्रायव्हिंग स्कूल माझ्या बायकोचं आणि तिच्या धाकट्या बहिणीचं. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना बायकोनं गाडी शिकवली. मला मात्र नाही. लग्न नवं असताना तिनं प्रयत्न केला होता. तिसऱ्या दिवशी गाडीतून उतरून ती म्हणाली, "अहो, आपल्याला एकत्र राहायचं असेल तर तुम्ही बसनं जा." आम्ही एकत्र आहोत. मी बसनं जातो.

तिची गाडी म्हणजे शिकवायची गाडी. डाव्या सीटपुढंही एक ब्रेक. शिकणारा चुकला की डावीकडून बायकोचा पाय. त्या पायावर गावाचा विश्वास होता. मग या उन्हाळ्यात एका बँक मॅनेजरांनी ब्रेक समजून अॅक्सिलरेटर दाबला. बायकोनंही आपला ब्रेक दाबला, पण किंचित उशिरा. गाडी जाऊन एका लॉन्ड्रीच्या भिंतीला भिडली. भिंतीचा कोपरा आणि गाडीचा एक दिवा फुटला, एवढंच. मॅनेजर दुसऱ्या दिवशी नवा चष्मा लावून वेळेवर क्लासला आले.

बायको आली नाही. पाठ धरली म्हणाली. डॉक्टरांनी पाठ बघितली, पाठीत काही नव्हतं. तेव्हापासून ती डाव्या सीटवर बसलेली नाही. दोन्ही गाड्यांचे क्लास एकटी मेहुणी सांभाळत होती आणि तिलाही ते झेपेना. शेवटी ठरलं, बायकोची गाडी विकून टाकायची. येत्या रविवारी सकाळी गिऱ्हाईक बघायला येणार होतं.

"बरंच झालं," बायको म्हणत होती. "खालची जागा मोकळी होईल."

आयुष्यभर मी लोकांच्या तोंडून खोटं ऐकत आलोय. 'बरंच झालं' हे वाक्य मला लांबून ओळखू येतं. पण यावर प्रश्न कसा विचारायचा ते मला कळत नव्हतं. (मंत्र्यांना विचारणं सोपं. ते रुसून माहेरी जात नाहीत. शिवाय आमच्याकडे माहेरच येऊन राहिलंय. सासूबाई आमच्याजवळच असतात.)

तर अशा घरात मी तो खोका घेऊन आलो.

मेहुणीनं सगळं जोडून दिलं. खोक्यातलं स्टिअरिंग शिकंजा लावून जेवणाच्या टेबलाला घट्ट बसवलं. पेडल टेबलाखाली. समोर टीव्ही. मी माझी लिहायची फिरती खुर्ची ओढून आणली. लांबवर बायको भाजी निवडत होती, पण एकदाही इकडे बघत नव्हती.

पडद्यावर प्रश्न आला: 'साहाय्य किती हवं?'

"भाऊजी, संपूर्ण ठेवते हं," मेहुणी म्हणाली. "म्हणजे वळणं, ब्रेक, वेग, सगळं गाडी आपलं आपण सांभाळते. नवशिक्यांसाठी असतं."

"मदत?" मी खुर्चीतून अर्धा उठलो. "आजवर कुणाची शिफारस घेतली नाही, कुणाचं पाकीट घेतलं नाही, आणि आता एका खेळण्याची मदत घेऊ? बंद कर!"

"अहो, पण..."

"बंद! बातमीदार स्वतःच्या पायावर उभा असतो."

"तुम्ही तर बसलाय," टीव्हीसमोरून सासूबाई म्हणाल्या.

मेहुणीनं मदत बंद केली. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढं ती महत्त्वाची आहे.

आणि मग पडदा उजळला.

खोटं सांगणार नाही, मी भांडायच्या तयारीनं बसलो होतो. पहाट होती. डोंगरातला रस्ता नुकताच ओला होऊन गेलेला. काचेवर थेंब होते, आणि प्रत्येक थेंब आपापल्या वाटेनं, आपापल्या घाईनं खाली येत होता. वायपर फिरला की कडेला जमलेलं पाणी थरथरायचं. झाडांच्या सावल्या गाडीच्या आत शिरून माझ्या हातांवरून जात होत्या. खरे माझे हात नव्हेत, पडद्यावरचे. पण मी दोनदा स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. रस्ता बदलला तसं स्टिअरिंग हातात बदललं. गुळगुळीत डांबरावर ते मांजरासारखं गुरगुरायचं. कडेच्या खडीवर चाक गेलं की दातापर्यंत झिणझिण्या. रस्त्यांवर मी इतकी वर्षं लिहितोय, आणि रस्ता असा तळहाताशी येऊन बोललेला मला कधी आठवत नाही.

"पण खड्डा एकही नाही," मी स्वतःला सावरत म्हणालो. "खणून ठेवलेलं काही नाही. कुणी पत्ता विचारायला हात करत नाही. हे कसलं हुबेहूब?"

"भाऊजी, वळण!"

वळण खरंच आलं होतं. मी सगळा जोर लावून ब्रेक दाबला.

इथं एका शास्त्रीय गोष्टीचा उल्लेख करायला हवा. फिरत्या खुर्चीला चाकं असतात. माणसानं पायानं पेडल पुढं ढकललं की पेडल जागेवरच राहतं आणि माणूस मागं जातो. गाडी डोंगरात कठड्याला जाऊन धडकली तेव्हा तिचा चालक चपलांच्या स्टँडपाशी होता.

धडक फार मोठी वाजली. पत्रा चुरगळला, काच सांडली, एक चाक टणटण उड्या मारत खाली गेलं. 'हुबेहूब' हा आरोप निदान आवाजापुरता तरी सिद्ध झाला. बायकोनं भाजीची परात तशीच ठेवली, ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मी पुन्हा बसलो. (तपास अर्धवट सोडायचा नाही.) या खेपेला माझ्यापुढंच तीन गाड्या एकमेकींवर चढल्या. मी ताबडतोब गाडी कडेला घेतली.

"थांबलात कशाला?" मेहुणी ओरडली.

"अपघात झालाय."

"भाऊजी, शर्यत आहे ही!"

"असेल. पोलीस कुठायत? अॅम्ब्युलन्स? सगळे बघून न बघितल्यासारखे निघून चाललेत! लिहून घे, निळ्या गाडीची चूक आहे."

तेवढ्यात मागून येणाऱ्या सगळ्या गाड्या एकामागून एक माझ्यावर येऊन आदळल्या. प्रत्येक आदळण्यानं स्टिअरिंगनं माझ्या कोपरापर्यंत दणका दिला. आतल्या दाराची कडी लागल्याचा आवाज मला त्या गोंगाटातही ऐकू आला.

त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात लेखाचं शेवटचं वाक्य लिहून टाकलं: 'न घ्यावा.'

मंगळवारी कचेरीतून आल्यावर मी खोका भरायलाच घेतला होता. पण शेवटची एक फेरी मारून बघावी म्हटलं. न्यायाधीशसुद्धा आरोपीला एकदा बोलू देतो. खुर्ची मागं जाऊ नये म्हणून सासूबाईंनी एक तोडगा काढला. त्यांनी आपली भारदस्त लाकडी खुर्ची माझ्या खुर्चीच्या पाठीला पाठ लावून ठेवली आणि पेपर उघडून तिच्यात बसल्या.

"मी असताना तुम्ही मागे जात नाही, जावईबापू," त्या म्हणाल्या. (संसारातही असंच चाललंय.)

गाडी सुटली. पहिलं वळण आलं, गेलं. दुसरं आलं, गेलं. मला स्वतःलाच कळेना. मी ब्रेक दाबायचा विचार करावा, आणि गाडी अलगद हळू व्हावी. मी स्टिअरिंग थोडं जास्त फिरवावं आणि ते हातात नम्रपणे परत यावं. निळी गाडी आडवी आली, मी डोळे मिटले, उघडले, तर आम्ही तिला वळसा घालून पुढं! कठड्यापलीकडे दरीत धुकं भरलेलं आणि त्याच्या वर सूर्य. इतक्या शांतपणे मी आजवर काही केल्याचं मला आठवत नाही.

"बघा!" मी ओरडलो. "एका दिवसात! काही माणसांच्या रक्तातच असतं!"

सासूबाईंनी मागं पान उलटलं.

आतलं दार किलकिलं झालं. धडकेचा आवाज आला नाही म्हणून असेल. बायको टेबलापर्यंत आली. उभ्या उभ्या बघत राहिली. मग तिनं एक खुर्ची ओढली आणि माझ्या डाव्या हाताला बसली.

मी पडद्यावरून नजर हलवली नाही. पण खाली, टेबलाखाली, मला एक गोष्ट दिसली. वळण जवळ आलं की तिचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता. तिथं काही नव्हतं. नुसती फरशी होती. पण पाय अचूक वेळेला पडत होता. आणि कसा पडत होता! घाई नाही, दणका नाही, आधी टाच टेकायची, मग हळूच पंजा. तिच्या पायाच्या तालावर डोंगर, धुकं, सूर्य, सगळं थांबत होतं आणि पुन्हा चालू लागत होतं. त्या गेममधली कुठलीही गोष्ट मला एवढी हुबेहूब वाटली नाही.

"आरसा कोण बघणार?" ती एकाएकी म्हणाली.

"अं?"

"मागचा आरसा, अहो! मागून कुणी येतंय की नाही ते काय मागच्यानं तुम्हाला पत्र पाठवून कळवायचं?"

उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच हा आवाज घरात आला होता. मागं सासूबाईंच्या पेपरची सळसळ थांबली.

त्यानंतर रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम. मी मुद्दाम लवकर घरी येऊ लागलो. बायको वेणी घट्ट बांधून डावीकडे बसायची आणि मला फाडून खायची. "स्टिअरिंग आहे ते, पोळपाट नाही!" "वळणावर श्वास कसला रोखता? गाडी तुमच्या नाकावर चालते का?" शुक्रवारी तिनं माझा कान पकडला. मी इतक्या सुखात कान कधीच दिलेला नाही. माझ्या मनात पक्कं झालं होतं की हे माझं काम आहे. माझ्या सफाईदार गाडी चालवण्यानं तिचा पाय परत आणलाय. दोन दिवस आणखी मिळाले असते तर ती गाडी विकलीच नसती. पण गिऱ्हाईक रविवारी येणार होतं, आणि तिनं त्याला 'येऊ नका' म्हणून सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "शब्द दिलाय."

रविवारी सकाळी मी शर्यत लावली. मेहुणी गाडीची कागदपत्रं घेऊन बसली होती. बायको डाव्या खुर्चीत आली खरी, पण तिची नजर दाराकडे होती. मी ठरवलं, आज असं चालवायचं की तिनं दाराकडे बघताच कामा नये. मी तिसरा होतो. मग दुसरा. शेवटचं वळण. तिचा पाय तयार. आणि दारावरची बेल वाजली.

"आले वाटतं," असं म्हणून सासूबाई उठल्या आणि वाटेतली आपली खुर्ची बाजूला सारून दाराकडे गेल्या.

सासूबाई उठल्या हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्यांनी दार उघडलं. दारात एक सभ्य गृहस्थ, हातात पिशवी. इकडे पडद्यावर निळी गाडी माझ्यापुढं गरकन आडवी फिरली. बायको सगळ्या ताकदीनं किंचाळली, "ब्रेक!" तिचा पाय फरशीवर खाडकन पडला, तिचा उजवा हात माझ्या छातीवर आडवा आला, आणि मी ब्रेक दाबला. आयुष्यात कधी दाबला नव्हता असा दाबला.

शिकंजा निसटला. स्टिअरिंग हातात घेऊन, लांब वायर मागं सोडत, मी पाठमोरा निघालो. टेबल लांब गेलं, बायको लहान झाली, चपलांचा स्टँड बाजूनं सरकला. गृहस्थांच्या गुडघ्यांना खुर्ची लागली आणि ते पिशवीसकट माझ्या मांडीवर आले. त्यांनीही घाबरून स्टिअरिंगच पकडलं. आम्ही दोघं ते धरून बसलो.

सगळे टीव्हीकडे बघत होते.

पडद्यावर माझी गाडी हळू झाली होती. तिनं निळीला अंतर दिलं. वळण घेतलं, किती सुंदर घेतलं! पुन्हा वेग धरला. धुकं, सूर्य, कठडा, सगळं मागं टाकलं. शेवटच्या पट्ट्यावर तिनं पुढच्या गाडीला गाठलं आणि पहिली आली. स्टिअरिंग दारात होतं. पेडलवर कुणाचाही पाय नव्हता.

फटाके फुटले. (पडद्यावर.) 'अभिनंदन!' असं आलं.

"व्वा," माझ्या मांडीवरचे गृहस्थ म्हणाले.

आणि बायको हसायला लागली. आधी टेबल धरून, मग खाली बसून, मग डोळे पुसत. तिला श्वास घेता येईना. इतकं की मेहुणी पाणी घेऊन धावली. गृहस्थ उठले, त्यांनी शर्ट नीट केला.

"मी गाडी बघायला आलो होतो," ते म्हणाले. माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "हे तुमच्याकडेच शिकले का?"

"छे, हे नवरा आहेत," बायको म्हणाली. मग उभी राहिली, वेणी मागं टाकली. "माफ करा हं, तुम्हाला हेलपाटा पडला. गाडी विकायची नाही. उद्यापासून माझा क्लास आहे."

गृहस्थ पायऱ्या फार भरभर उतरले.

दुपारी घर शांत झाल्यावर मी माझं काम केलं. गेमची माहिती उघडली. 'साहाय्य: संपूर्ण. स्थिती: चालू.' पुढं प्रत्येक शर्यतीची नोंद होती. सोमवारच्या शर्यतींत मदत बंद. मंगळवारपासून आजवरच्या सगळ्यांत चालू. म्हणजे मंगळवारी, मी कचेरीत असताना, कुणीतरी ती चालू केली होती. रक्तात काही नव्हतं. आठवडाभर गाडी गाडीच चालवत होती. मी स्टिअरिंगजवळ हजर होतो, एवढंच.

मी तिघींना समोर बसवलं आणि सरळ विचारलं.

"मला त्यातलं काय कळतंय?" बायको म्हणाली. "मी तर दार लावून आत होते."

"मी कायम पाठमोरी," सासूबाई म्हणाल्या. "मला टीव्ही सुरू करता येत नाही, हे तुम्हीच सगळ्यांना सांगत असता."

मी मेहुणीकडे वळलो. तिनं अत्यंत गंभीर चेहरा केला.

"भाऊजी, तुम्हीच शिकवलंय ना? सोर्स कधी उघड करायचा नसतो."

सोमवारी सकाळी बायको क्लासला गेली. पहिले विद्यार्थी तेच, नव्या चष्म्याचे मॅनेजर. मी लेख दिला: 'जरूर घ्यावा.' संपादकांनी विचारलं, "दादा, हुबेहूब आहे का?" मी म्हणालो, "थक्क करण्याइतका. पण खुर्ची बिनचाकाची वापरावी."

या रविवारी बायकोनं मला खाली बोलावलं आणि खऱ्या गाडीच्या उजव्या सीटवर बसवलं. स्वतः डावीकडे बसली. मैदान मोकळं होतं. मी गाडी सुरू केली. ती सुटली, वळली, दगडाआधी अलगद थांबली, परत फिरली. एकदाही कुठं लागली नाही. मला भरून आलं.

"अगं, खरं सांग," मी म्हणालो, "ती मदत तू चालू केली होतीस ना?"

"समोर बघा," ती म्हणाली.

मी समोर बघितलं. त्यामुळं खाली कुणाचा पाय कुठं होता, ते मला सांगता येणार नाही. खोका मी कचेरीत परत केला आहे. मदत नेमकी कुणी चालू केली, याचा खुलासा हे लिहून होईपर्यंत झालेला नव्हता.